रेघ पोचत न्हाई

खानापुरात, मलप्रभेच्या अलीकडं, कौलांची भट्टी होती.
तिथं बाबांनी ओल्या मातीच्या पाटीवर
सायकलच्या तारेनं वाघ-बकरीचा पट ओढला.
पाच उभ्या, पाच आडव्या, मग तिरक्या.
शेवटची तिरकी ओढताना कुणीतरी ओरडलं,
"लाकडाची गाडी आली!"
हात उचलला गेला.
कोपरा नखभर लांब राहिला.
आणि पाटी तशीच भाजून निघाली, कौलांबरोबर.

सोळा वर्षं त्यावर डाव झाले.
वाघ म्हणजे खापराचे चार तुकडे, बकऱ्या म्हणजे वीस चिंचोके.
ती फट कुणी पाहिली नाही.
किंवा पाहिली, आणि डोळ्यांनीच पुरी केली.

मग एका दुपारी
ईरण्णाचा वाघ मधोमध, शेजारी शट्टुप्पाचा चिंचोका,
त्याच्यामागं कोपऱ्याचं घर मोकळं.
ईरण्णानं उडी मारली, चिंचोका उचलला.
शट्टुप्पानं त्याचं मनगट धरलं.
"ठेव खाली. रेघ पोचत न्हाई."

"वाघ रेघेवरनं चालतोय व्हय? उडी मारालाय त्यो!"
"उडी पण रेघेवरनंच की रे."
वाद इतका चढला
की दुसऱ्याला नीट लागावं म्हणून
दोघं एकमेकांच्या भाषेत गेले.
शट्टुप्पा म्हणाला, "मुट्टिल्ला."
ईरण्णा म्हणाला, "रेघ हाय की!"

लोंढ्याचा मष्णू म्हणाला, आमच्यात कोपऱ्यात वाघ उतरतच नसतोय.
नंदगडचा सातेरी म्हणाला, आमच्यात विसावी बकरी बसल्याबिगर मारणंच नाही.
जांबोटीला तर म्हणे पाच वाघ.
रेघेवरून भांडायची आमच्या भागाला सवयच.
पण ही रेघ तरी आमच्यातल्याच एकानं ओढलेली,
आणि तो तिथंच बसला होता.

बाबांनी खिळा घेतला. "घासून पुरी करतो, मिटवा."

फिलोमिनाबाई फुटक्या कौलांचा हिशोब लिहायच्या.
वहीतून मान वर न करता म्हणाल्या,
"डाव मांडल्यावर पट दुरुस्त करायचा नाही, परशराम.
फट आहे. शट्टुप्पाची बकरी जिवंत.
पण वाघाला एक फट आणि बकरीला दुसरी, असं नाही.
चिंचोका पण तिथनं जाणार नाही."

शट्टुप्पा हसला. मान्य, म्हणाला.
बकरीला कोपऱ्यात काय काम?

अकरा चालींनंतर कळलं काय काम.
तीन वाघ कोंडलेले, चौथा वरच्या रेघेवर अडकलेला,
फक्त कोपरा तेवढा मोकळा.
एक पाऊल, आणि डाव शट्टुप्पाचा.
त्याचं बोट चिंचोक्यावर टेकलं,
तिरक्या रेघेवरून निघालं,
आणि नखभर अलीकडं थांबलं.

कुणी काही बोललं नाही.
ईरण्णासुद्धा.

वळसा घालून दोन चाली लागणार होत्या.
शट्टुप्पानं पहिली केली. सावकाश.
वाघ उडी मारून कोपऱ्यात उतरला,
जाता जाता एक चिंचोका घेऊन गेला.

भट्टी आता बंद आहे. सगळीकडं पत्रे आले.
पाटी माझ्याकडं बेळगावात, टीव्हीखालच्या खणात.
माझी पोरगी तिच्या मैत्रिणीशी खेळायला बसते
आणि दर वेळी विचारते, आई, ही पोचते का गं?

मी सांगत नाही.
आधी ठरवा, म्हणते,
मग पहिली बकरी ठेवा.

त्या ठरवतात. कधी पोचते, कधी नाही.
परवा दोघींचं ठरलं:
कोपऱ्यात जायचं असेल तर एक चाल थांबून, मग जायचं.
नखभर अंतराला एक चाल.

शट्टुप्पाला फोन करून सांगितलं.
ब्याऐंशी वर्षांचा आहे, ऐकू कमी येतं.
मला तीनदा सांगायला लागलं.
मग बराच वेळ पलीकडं काहीच नाही,
मला वाटलं फोन कटला.

"तरी एक चाल कमीच पडत्येय गं," तो म्हणाला.